मधुमेही हृदय आणि संप्रेरकं: प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

परळ-माटुंग्याच्या प्रयोगशाळांत या विषयावर काम सुरू करणाऱ्यांचा आराखडा बहुधा ठरलेला असतो: विस्टार जातीच्या रॅटला स्ट्रेप्टोझोटोसिन (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारणारं रसायन) टोचायचं, साखर चढली की एखादं संप्रेरक द्यायचं आणि शेवटी हृदयातलं एमडीए (मॅलॉनडायअल्डिहाइड, चरबीच्या ऑक्सिडेशनची खूण) मोजायचं. यात एक गोम आहे. बीटा पेशी मेल्या की नुसतं इन्सुलिन जात नाही. थायरॉइडचं टी३ आणि नरांमधलं टेस्टोस्टेरॉन उतरतं, कॉर्टिकोस्टेरॉन (रॅटमधलं ताणाचं संप्रेरक) चढतं. अँजिओटेन्सिन २ (रक्तदाब वाढवणारं संप्रेरक) एटी१ या रिसेप्टरमार्फत एनएडीपीएच ऑक्सिडेझ या विकराला चालना देतं आणि सुपरऑक्साइड हा ऊतींना इजा करणारा ऑक्सिजनचा प्रकार वाढतो. शिवाय स्ट्रेप्टोझोटोसिन स्वतःही विषारी असतं. त्यामुळे मधुमेह करून मग इन्सुलिनवर ठेवलेला एक गट हवाच. तो नसेल, तर दिसलेला बदल मधुमेहाचा की स्ट्रेप्टोझोटोसिनच्या विषारीपणाचा, या परीक्षकांच्या प्रश्नाला उत्तर राहत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या मंजुरीचा फॉर्म बी भरतानाच हा गट त्यात लिहा. मंजुरीनंतर प्राणी वाढवून मागणं फार जिकिरीचं असतं.

स्ट्रेप्टोझोटोसिनची बाटली उणे २० अंशांवर असते. जुलैच्या दमट हवेत ती थेट उघडली तर पावडर लगेच ओल धरते आणि डोस हुकतो. बंद बाटली डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच वजन करा. ०.१ मोलर सायट्रेट बफर, पीएच ४.५, बर्फावर, विरघळवल्यावर १०-१५ मिनिटांत टोचून मोकळं व्हा. नरांना साधारण ५० ते ६० मिग्रॅ प्रति किलो पुरतं, माद्या जास्त दाद देत नाहीत. पहिल्या २४ तासांत मरणाऱ्या पेशींतून इन्सुलिन सुटतं आणि साखर कोसळते, म्हणून रात्रभर ५ टक्के ग्लुकोजचं पाणी ठेवा. ७२ तासांनी २५० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर असलेलेच प्राणी घ्या. पुढे पिंजऱ्यातला भुसा रोज बदलावा लागतो, कारण हे प्राणी लघवीने तो चिंब करतात.

सगळ्यात जास्त निकाल बिघडतात ते हृदय काढताना. तांबड्या पेशींत कॅटॅलेझ (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं विकर) भरपूर असतं, हृदयाच्या स्नायूत मात्र कमी. थंड सलाइन सोडून, बाहेर येणारं पाणी नितळ दिसेपर्यंत हृदय धुतलं नाही, तर तुम्ही मोजता ते रक्ताचं कॅटॅलेझ. धुऊन झालं की डावं निलय वेगळं करून तुकडे लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. ग्लुटाथायोन हे पेशीतलं अँटिऑक्सिडंट वाट पाहत नाही, लगेच ऑक्सिडाइज होतं. भूल द्यायला झायलाझिन वापरलं तर साखर चढते, म्हणून साखरेचा नमुना भुलीआधीच घ्या. कॉर्टिकोस्टेरॉन मोजणार असाल तर सगळ्या गटांची वेळ एकच ठेवा, शक्यतो सकाळची, आणि आदले काही दिवस प्राण्यांना हाताळण्याची सवय लावा.

एमडीए मोजायची थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी स्वस्त आणि सोपी, पण हे आम्ल साखरेशीही रंग देतं. मधुमेही ऊतीत ५३२ नॅनोमीटरचं वाचन फुगण्याची भीती असते. होमोजिनेटमध्ये (वाटलेल्या ऊतीत) बीएचटी हे अँटिऑक्सिडंट घाला, म्हणजे उकळताना नवं ऑक्सिडेशन होणार नाही. एकट्या एमडीएवर निष्कर्ष काढू नका. प्रोटीन कार्बोनिल (प्रथिनांच्या ऑक्सिडेशनची खूण) आणि ग्लुटाथायोनही बघा.

इस्ट्रोजेनवर काम असेल तर खाद्यात सोयाबीनची पेंड आहे का, हे पुरवठादाराला आधी विचारा. सोयातली आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनसारखी वागतात. अंडाशय काढलेल्या, पण इस्ट्रोजेन न दिलेल्या माद्यांत शेवटी गर्भाशयाचं वजन करा. ते घटलेलं नसेल तर शस्त्रक्रिया अपुरी झाली, आणि तो प्राणी गटातून वगळा.