पाणबुडीचा इतिहास शिकताय? आधी जेवायच्या वेळा मांडा

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी 'अपहोल्डर' ही ब्रिटिश पाणबुडी घेतली होती. पहिले दोन महिने मी एक भलामोठा तक्ता करण्यात घालवले: कुठल्या तारखेला कुठलं जहाज बुडवलं, किती टनांचं. मार्गदर्शक बाईंनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, "ही माणसं जेवायची कधी?" मला सांगता येईना. दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांवर काम करायचं मनात असेल त्यांचे असे दोन महिने वाचावेत, म्हणून हे लिहिते आहे.

एकच बोट निवडा (ब्रिटिश नौदलात पाणबुडीला जहाज म्हणत नाहीत, बोटच म्हणतात), आणि सुरुवातीला तिची एकच गस्त. लंडनमध्ये क्यू इथं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथं गस्तींचे मूळ अहवाल हाताळायला मिळतात. वाचकपत्र फुकट मिळतं, पण ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा सोबत न्या. कागदपत्रं आधीच मागवून ठेवा. पेन आत नेऊ देत नाहीत, शिसपेन्सिल चालते. मोबाइलवर फोटो काढता येतात, तरी पहिला अहवाल हातानं उतरवून काढाच. फोटो आपण घरी येऊन नुसते चाळतो; उतरवताना एकेक वेळ डोक्यात बसते.

आणि वेळ कळल्याशिवाय बोटीवरचं जगणं कळत नाही. अपहोल्डर ही यू-वर्गातली, साधारण ५८ मीटर लांबीची छोटी बोट. आत तीसेक माणसं. माल्टाहून निघून भूमध्य समुद्रात गस्त घालताना ती दिवसभर पाण्याखाली राही आणि अंधार पडल्यावर वर येऊन डिझेल इंजिनांवर बॅटऱ्या भरून घेई. त्यामुळे खलाशांचा दिवसच उलटा झालेला. मुख्य जेवण रात्री, सिगारेटही रात्रीच. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे पाण्याखालचे तासही जास्त. संध्याकाळपर्यंत आतली हवा इतकी कोंदट होई की डोकी ठणकायला लागत. पाणी मोजकं, त्यामुळे अंघोळीचं नावच नको. पुढच्या भागात खलाशी राहत, आणि जादाचे टॉर्पेडोही तिथंच ठेवलेले. टॉर्पेडो डागले जातील तशी पाय पसरायला जागा होई! हे कळलं त्या दिवशी मी माझा तक्ता बाजूला ठेवला.

आता २४ मे १९४१ ची संध्याकाळ घ्या. सिसिलीच्या किनाऱ्याजवळ लेफ्टनंट कमांडर डेव्हिड वँक्लिन यांना इटालियन सैन्य घेऊन दक्षिणेकडे निघालेला ताफा दिसला. उजेड इतका कमी की पेरिस्कोपवर भरवसा ठेवता येईना, आणि पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र बंद पडलेलं. तरीही त्यांनी जवळ जाऊन 'कोन्ते रोस्सो' हे मोठं प्रवासी जहाज बुडवलं. त्यानंतर साधारण २० मिनिटांत बोटीच्या आसपास ३७ डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे, पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) फुटले. एक करून बघा: मोबाइलवर वेळ लावा आणि दर ३२ सेकंदांनी टेबलावर मूठ आपटा, पूर्ण २० मिनिटं. मी दहाव्या मिनिटाला थांबले. ऐकण्याचं यंत्रच बंद, म्हणजे पाठलाग करणारी जहाजं कुठल्या बाजूला आहेत हेही आतल्या माणसांना कळत नव्हतं.

या कामगिरीसाठी वँक्लिन यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच संध्याकाळी त्या जहाजावरची सुमारे १,३०० माणसं गेली. हे दोन्ही एकाच पानावर लिहा. मी आधी दुसरी गोष्ट तळटीपेत टाकली होती, आणि ते मला अजून खुपतं.

बोटीचा शेवट लिहिताना घाई करू नका. एप्रिल १९४२ मध्ये पंचविसाव्या गस्तीवर गेलेली अपहोल्डर परत आली नाही. 'पेगासो' या इटालियन जहाजाने ती बुडवली असं बरीच वर्षं मानलं गेलं, पण त्यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. त्याच महिन्यात माल्टाहून निघालेली 'अर्ज' ही बोटही नाहीशी झाली. ती लिबियाजवळ सापडल्याचा दावाही झाला होता. २०१९ मध्ये अवशेष मिळाल्याचं जाहीर झालं ते माल्टाच्याच जवळ. 'अर्ज' समुद्री सुरुंगाने बुडाली होती. 'बहुधा' हा शब्द प्रबंधात लाज न बाळगता वापरा.

क्यूनंतर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉस्पोर्टला जा. तिथल्या पाणबुडी संग्रहालयात 'अलायन्स' ही पाणबुडी उभी आहे. ती १९४५ मध्ये पाण्यात उतरली, म्हणजे युद्धात लढलेली नाही आणि अपहोल्डरहून बरीच मोठी. तरी दरवाजातून वाकून जाताना अंगाला जे कळतं ते अहवालात मिळत नाही. १९४४ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन बंदरात शिरलेली चार माणसांची चिमुकली 'एक्स २४' सुद्धा तिथंच आहे. ती चुकवू नका. अलायन्स दाखवणाऱ्यांत पाणबुडीवर नोकरी केलेले काही जण असतात. त्यांना लढायांबद्दल नंतर विचारा, आधी विचारा की तुम्ही झोपायचात कुठे. मी ज्यांना विचारलं त्या आजोबांनी उत्तर दिलं नाही. ते सरळ एका बंकमध्ये शिरले, कुशीवर वळले आणि हाताने दाखवलं, नाकापासून वरच्या बंकपर्यंत किती बोटं उरतात ते.