वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले की काय करायचं

दोन-तीन हप्ते थकले की रिकव्हरीवाल्यांचे फोन सुरू होतात, आणि बहुतेक लोक घाबरून फोन घ्यायचंच बंद करतात नाहीतर सिम बदलतात. कृपा करून असं करू नका. तुमचा फोन लागत नाही म्हटल्यावर ते नातेवाईकांना, ऑफिसात फोन लावतात, आणि उद्या तुम्हीच हप्ता कमी करून मागायला गेलात तर बँक म्हणणार इतके दिवस कुठे होतात.

फोन घ्या, पण फोनवर कसलंही वचन देऊ नका. समोरच्याचं नाव, एजन्सीचं नाव, कुठल्या बँकेसाठी फोन करतोय आणि लोन अकाऊंट नंबर काय, एवढं विचारून लिहून घ्या. मग तुमच्या लोनच्या कागदांवर किंवा बँकेच्या वेबसाईटवर जो नंबर आहे त्यावर स्वतः फोन करून ही एजन्सी खरंच त्यांनी नेमलीय का ते विचारा, कारण कर्ज थकलंय हे कळल्यावर खोटे वसुलीवालेही फोन करतात. घरी कोणी आलं तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही.

आणि पैसे फक्त लोन अकाऊंटलाच भरायचे. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही, तो कितीही म्हणाला की आज एवढे टाका मी केस थांबवतो. भरल्याची पावती जपून ठेवा.

आता नियम. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट सांगितलंय की वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ, धमकी, चारचौघात अपमान, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास देणं हे काहीच चालत नाही. असं झालं तर कॉल रेकॉर्ड करा, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा, तारीख आणि वेळ लिहा, आणि तुम्ही मात्र शिव्या देऊ नका कारण रेकॉर्डिंग तिकडेही होतंय. तक्रार आधी बँकेच्या तक्रार विभागाला लेखी करायची, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन जाता येतं, त्याला फी नाही. लोन अ‍ॅपवाले कॉन्टॅक्ट लिस्ट वापरून बदनामीची किंवा फोटो एडिट करून पाठवायची धमकी देत असतील तर थेट सायबर पोलिसांकडे जा, 1930 वर फोन करा. अशांना एकदा पैसे दिले की मागणी वाढतच जाते.

'उद्या पोलीस उचलतील' ही धमकी खूप चालते. नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, ते दिवाणी प्रकरण असतं. पण चेक किंवा ऑटो डेबिट बाउन्स झालं असेल तर गोष्ट वेगळी, त्यात फौजदारी केस होऊ शकते, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरायचे असतात, म्हणून अशी नोटीस आली तर ती फेकून न देता लगेच वकिलाला दाखवा.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ईमेल. बँकेला स्वतःहून लिहा, साध्या भाषेत: 'माझा लोन अकाऊंट नंबर अमुक, नोकरी गेल्यामुळे अमुक महिन्यापासून हप्ते थकले आहेत, सध्या दरमहा इतके भरू शकतो, मुदत वाढवून हप्ता कमी करून द्यावा, व्याज आणि दंडाचा पूर्ण हिशोब पाठवावा.' आकडा खरोखर जमेल तोच लिहा. घरखर्च, भाडं, औषधं बाजूला काढून जे उरतं तेवढाच, कारण दबावाखाली मोठा आकडा कबूल करून पुढच्याच महिन्यात चुकला की पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. अनेक कर्जं असतील तर घर तारण असलेलं आधी सांभाळा, क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन नंतर. आणि जुनं फेडायला नवीन अ‍ॅपवरून लोन, हे नकोच. फार जुनं, तीन-चार वर्षं कोणी विचारलेलंच नाही असं कर्ज अचानक वर आलं तर मात्र काही लिहून देण्याआधी किंवा थोडेसे पैसे भरण्याआधी वकिलाला विचारा, दावा लावायची मुदत साधारण 3 वर्षं असते आणि ती संपायच्या आत दिलेल्या लेखी कबुलीने ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

सेटलमेंटची, म्हणजे बाकीपेक्षा कमी रक्कम घेऊन कर्ज मिटवायची, ऑफर आली तर मोह होणारच. पण बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही बाकी राहणार नाही' हे वाक्य आल्याशिवाय पैसे भरू नका, फोनवरच्या ऑफरला किंमत नाही. क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, ते 'सेटल्ड' म्हणून दिसतं आणि पुढे लोन मिळायला अडचण येते, त्यामुळे थोडं थोडं करून पूर्ण फेडणं शक्य असेल तर माझ्या मते तेच बरं. पैसे भरून झाले की एनओसी, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र, मागून घ्या, आणि एक-दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून बघा, हा रिपोर्ट बनवणाऱ्या सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात अजूनही बाकी दिसत असेल तर एनओसी जोडून तिथेच ऑनलाईन दुरुस्तीचा अर्ज टाका.