झाग्रेबला किंवा बेलग्रेडला नवीन आलात? आधी भाषेचं वाचा

हल्ली आपल्याकडची बरीच मुलं इकडे यायला लागलीत, कोणी बांधकामावर, कोणी हॉटेलात, कोणी डिलिव्हरीला, आणि मला येणारा पहिला मेसेज ठरलेला असतो, ताई नक्की कुठली भाषा शिकू, एजंट म्हणतो सर्बियन आणि क्रोएशियन एकच आहे आणि रूममेट म्हणतो वेगळ्या आहेत. मी चार वर्षं सर्बियात बेलग्रेडला काढली आणि आता सात वर्षं क्रोएशियात झाग्रेबला आहे, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय, तर एकदाच नीट लिहून ठेवते.

समजण्यापुरती भाषा एकच. हे देश युगोस्लाव्हिया म्हणून एकत्र होते तोवर सर्बो-क्रोएशियन म्हणायचे, १९५४ ला सर्बियातल्या नोवी सादमध्ये तसा करारही झाला होता. पण १९६७ लाच क्रोएशियातल्या लेखकांनी आणि संस्थांनी आमच्या भाषेला तिच्या नावाने ओळखा असं जाहीर पत्रक काढलं, आणि १९९१ नंतर देश फुटला तशी भाषेचीही चार प्रमाण रूपं झाली, सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि मॉन्टेनेग्रिन. चारही श्तोकावियन नावाच्या एकाच बोलीवर उभी आहेत म्हणून बेलग्रेडच्या माणसाला झाग्रेबच्या बातम्या भाषांतराशिवाय कळतात. २०१७ ला बोस्नियातल्या साराएवोत काही लेखक-अभ्यासकांनी ही एकच सामायिक भाषा आहे असंही जाहीर केलं, त्यावर खूप वाद झाला.

हा वाद आपण सोडवायचा नाही, पण त्याचा मान ठेवायचा. इथल्या लोकांनी देश फुटतानाचं युद्ध बघितलंय, प्रत्येक घरात कोणीतरी गेलेलं असू शकतं. क्रोएशियात भाषेला ह्र्वात्स्की म्हणा, सर्बियात स्र्प्स्की, बोस्नियात समोरच्याला विचारा किंवा सरळ नाश येझिक म्हणा म्हणजे आपली भाषा, तिथले लोक स्वतःही तेच म्हणतात. कामावर सर्बो-क्रोएशियन हा शब्द नकोच.

मी झाग्रेबला आले त्या पहिल्या आठवड्यात बेकरीत सवयीने ह्लेब मागितला, बेलग्रेडला पावाला तेच म्हणतात. बाईंनी पाव दिला, पैसे घेतले आणि हळूच म्हणाल्या, क्रुह. आवाजात राग नव्हता पण मला कळलं की आता ही सवय बदलायची, घरी येऊन वहीत दोन रकाने केले आणि रोज भरत गेले. ट्रेन तिकडे वोझ, इकडे व्लाक. सूप तिकडे सुपा, इकडे युहा. हजार तिकडे हिल्यादा, इकडे तिसुचा. दूध तिकडे म्लेको, इकडे म्लियेको, आणि हा ए आणि इये चा फरक शेकडो शब्दांत आहे, एकदा कानाला बसला की आपोआप जमतो. वाक्यातही फरक आहे, मला काम करावं लागतं हे बेलग्रेडला मोराम दा रादिम, झाग्रेबला मोराम रादिती. चुकीचं रूप वापरलं तरी कळतं सगळ्यांना, पण ज्या देशात राहताय तिथलं बोललात की माणसं वेगळ्या तऱ्हेने वागवतात हा माझा अनुभव आहे.

महिन्यांची नावं मात्र आल्या आल्या पाठ करा, कारण करारावर आणि परवान्यावर तारखा असतात. सर्बियात यानुआर, ऑक्टोबार असं ओळखीचं आहे. क्रोएशियात सगळी नावं त्यांची स्वतःची, एप्रिल म्हणजे त्रावान्य, त्रावा म्हणजे गवत, जुलै म्हणजे स्र्पान्य, स्र्प म्हणजे विळा, ऑक्टोबर म्हणजे लिस्तोपाद, पानगळ. बोलताना लोक दहावा महिना असंही म्हणतात, तेव्हा तुम्हीही आकडा सांगा.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. मी पहिलं वर्ष इंग्रजी पुस्तक घेऊन वाया घालवलं, मग एक दिवस लक्षात आलं की यातलं अर्ध आपल्याकडे आधीच आहे.

उच्चार बघा. त्यांचं सी अक्षर म्हणजे आपल्या चाक मधला च, आणि टोपीवाला सी म्हणजे चार मधला च. इंग्रजीतून शिकणारे याच्यावर आठवडे घालवतात, आपल्याला दोन्ही च लहानपणापासून येतात. इंग्रजी जे (J) हे अक्षर दिसलं की य म्हणा. त्र्ग म्हणजे चौक, प्र्स्त म्हणजे बोट, क्र्व म्हणजे रक्त, यात स्वर नाहीच असं वाटतं पण र हाच स्वर आहे, जुन्या ऋ सारखा.

व्याकरणात लिंगं तीन, आपल्यासारखीच, नपुंसकलिंगासकट. विभक्त्या सात, आणि लोक इथेच घाबरून सोडतात. अहो, आपण पुणे, पुण्यात, पुण्याला, पुण्याहून म्हणतोच ना, शब्दाचं रूपही बदलतो आणि मागे प्रत्ययही लावतो. तसंच झाग्रेब, उ झाग्रेबू म्हणजे झाग्रेबात, इझ झाग्रेबा म्हणजे झाग्रेबहून. संबोधनही आहे, तुमचं नाव सागर असेल तर हाक सागारे अशी येईल आणि कागदावर सागारा, सागारोम असं दिसेल, नाव चुकवलंय असं समजून ऑफिसात वाद घालू नका. क्रियापदं जोडीने येतात, पिसाती आणि नापिसाती, म्हणजे लिहिणं आणि लिहून टाकणं. समोरच्याला ती आणि वी, म्हणजे तू आणि तुम्ही, साहेबांना आणि अनोळखी माणसाला वी च. मोझे या शब्दाचा अर्थ शोधत बसू नका, ते आपलं चालेल आहे, दिवसातून पन्नास वेळा ऐकाल.

आकड्यांना मात्र वेळ द्या. एक कॉफी येद्ना कावा, दोन ते चारला कावे, पाचपासून पुन्हा कावा. याला आपल्याकडे जोड नाही, पाठच करावं लागतं.

आणि झाग्रेबची बोली, हे मी प्रत्येकाला सांगते. शाळेच्या पुस्तकात काय ला श्तो आहे, पण झाग्रेबचे लोक घरी म्हणतात काय. अगदी आपलंच काय, उच्चार तोच, अर्थ तोच. त्यावरूनच त्या बोलीचं नाव कायकावियन. पहिल्यांदा ट्राममध्ये मागून कोणीतरी फोनवर काय? म्हणालं तेव्हा मी दचकून वळून बघितलं होतं, वाटलं गावाकडचं कोणी आलंय.

सर्बियाला जाणाऱ्यांनी सिरिलिक लिपी शिकायचीच. दुकानं, मेसेज सगळं रोमनमध्ये चालतं पण सरकारी कागद सिरिलिकमध्ये असतात. तीस अक्षरं आहेत, रोज एक तास दिलात तर आठवड्यात होतं, कारण १९व्या शतकात वुक काराजिच यांनी बोलता तसं लिहा या नियमाने ती लिपी बसवली, एका ध्वनीला एक अक्षर. फक्त ओळखीच्या दिसणाऱ्या अक्षरांना फसू नका, पी सारखं दिसतं तो र, सी सारखं दिसतो तो स, एच सारखं तो न, बी सारखं तो व. क्रोएशियात कायम राहायचा परवाना हवा असेल तर पुढे भाषेची परीक्षा लागते, तेव्हा पहिल्या वर्षापासूनच क्लास लावा, झाग्रेब विद्यापीठाचं क्रोएटिकुम हे परदेशी लोकांना क्रोएशियन शिकवणारं केंद्र त्यासाठीच आहे.

बेलग्रेडला आमच्या शेजारच्या आजींनी मला नाती शिकवली. स्त्रित्स म्हणजे काका, उयाक म्हणजे मामा, इंग्रजीसारखं सगळ्यांना एकच अंकल नाही. देवेर म्हणजे दीर, स्वेक्र्वा म्हणजे सासू, येत्र्वा म्हणजे जाऊ, स्नाहा म्हणजे सून, आणि ही जुळणी उगाच नाही, सून आणि स्नाहा दोन्ही एकाच जुन्या शब्दातून आलेत, संस्कृतातली स्नुषा आठवा. तिथल्या मंडईत भाजीवाल्या आज्या मला इझ्वोली स्नायो म्हणायच्या, म्हणजे घ्या सूनबाई, आणि परक्या गावात ते ऐकून किती बरं वाटायचं. आता झाग्रेबला दोलात्सच्या मंडईत जाते, तिथे टोमॅटोच्या पाटीवर पुस्तकी शब्द लिहिलेला असतो, रायचित्सा, पण भाजीवाली स्वतः बेलग्रेडसारखंच पारादायझ म्हणते, तेव्हा वहीत मी तो दोन्ही रकान्यांत लिहिलाय.