जुनी मोटारसायकल धूर मारतेय, ऑइल गळतंय: इंजिन उघडण्याआधी काय तपासायचं

शंभर सीसीची जुनी गाडी निळा धूर मारायला लागली की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बोअर-पिस्टन गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल." हाफ इंजिन म्हणजे वरचा भाग, सिलिंडर-पिस्टन आणि हेड, उघडून दुरुस्त करणं. कधी ते निदान खरंही असतं. पण जास्त भरलेलं ऑइल, तुंबलेली ब्रीदरची (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी) नळी किंवा कडक झालेलं वॉल्व्ह सील (वॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल झिरपू न देणारं रबर) यांचाही धूर अगदी तसाच दिसतो, आणि त्यांचा खर्च ब्लॉक बोअर करण्याच्या (सिलिंडर आतून घासून मोठा करण्याच्या) जवळपासही जात नाही. इंजिन एकदा उघडलं की दोष नेमका कुठे होता हे सांगणाऱ्या खुणा पुसल्या जातात. म्हणून खालच्या सगळ्या तपासण्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) नटांना पाना लावण्याआधी करायच्या.

उदाहरणासाठी इथे सीडी 100, स्प्लेंडर, पॅशन यांच्यात येणारं 97.2 सीसीचं आडवं इंजिन धरलं आहे. हवेवर थंड होणाऱ्या इतर फोर-स्ट्रोक गाड्यांना तर्क हाच लागू पडतो, आकडे मात्र त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

आधी डिपस्टिक

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर घेतलेलं माप फसवं असतं. इंजिन तीन मिनिटं चालवा, बंद करा, आणखी तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून पुसा आणि परत भोकात नुसती टेकवा, आटे फिरवू नका. या इंजिनांमध्ये आटे फिरवून माप घेतलं तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि गाडी कमी ऑइलवर पळत राहते. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ हवं.

ऑइल बदलताना या इंजिनात सुमारे 900 मिली बसतं. बाजारात 900 मिलीचे डबे मिळतात ते याचसाठी. पण हातात लिटरचा डबा असला की उरलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून सगळा ओतला जातो. जादा ऑइल क्रँकच्या फिरण्यानं घुसळतं, त्याचा फेस होतो, तो ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या डब्यात जातो आणि तिथून कार्ब्युरेटरमार्गे जळायला लागतो. बाहेर दिसतो तो निळा धूर. फिल्टर उघडा. तो ऑइलनं माखलेला असेल आणि पातळी वरच्या खुणेच्या वर असेल, तर जादा ऑइल काढा, डबा पुसा, फिल्टर बदला आणि 50 किलोमीटर चालवून मग पुन्हा धूर बघा.

पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई (पेट्रोल अडवणारी) नीट बसत नाही आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली झिरपतंय. अशा पातळ ऑइलवर गाडी चालवू नका. हेडमधला कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) ऑइलच्या भरवशावरच फिरतो. ऑइल पातळ झालं की पहिला घास त्याचाच जातो. सुई बदला, पेट्रोलचा कॉक रात्री बंद ठेवा आणि ऑइल ताबडतोब बदला.

धूर कोणत्या रंगाचा, आणि कधी

संध्याकाळच्या उजेडात निळा आणि काळा यांत गल्लत होते. पांढरा कोरा कागद सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर मिनिटभर धरा. कोरडी काळी भुकटी बसली तर पेट्रोल जास्त जळतंय. तेलकट ठिपके, मागून प्रकाश धरला की आरपार दिसणारे, म्हणजे ऑइल. प्लग काढून खात्री करा: कोरडी मखमली काजळी पेट्रोलची, ओली चकचकीत काळी साय ऑइलची.

काळ्या धुराला इंजिन उघडायचं कारणच नाही. चोक पूर्ण परत जातोय का, फिल्टर धुळीनं भरलाय का, फ्लोटची पातळी चढलीय का, जेट कुणी मोठा टाकलाय का, या क्रमानं बघा. दहातल्या बहुतेक गाड्या पहिल्या दोनांतच सुटतात.

पांढरा धूर थंडीत किंवा पावसाळ्यात पहिली पाच मिनिटं निघून नाहीसा होत असेल तर ती सायलेन्सरमधल्या पाण्याची वाफ आहे, सोडून द्या. ही इंजिनं हवेवर थंड होतात, त्यामुळे कूलंट जळण्याचा प्रश्न नाही. पण कोकणातल्या पावसात पाण्यातून गाडी काढल्यावर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर ते काढा, नवीन घाला, 50 किलोमीटरनंतर पुन्हा बदला. एकदा बदलून सगळं पाणी निघत नाही.

निळ्या धुरात रंगापेक्षा वेळ जास्त सांगून जाते. मागून दुसऱ्या कुणाला तरी गाडीवर यायला सांगा आणि धूर नेमका केव्हा निघतो ते लिहून ठेवा.

रात्रभर उभ्या गाडीच्या पहिल्या किकला भपकारा आला आणि दोन मिनिटांत थांबला, तर वॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल रात्रीतून झिरपलंय. संशय वॉल्व्ह सीलवर.

घाट उतरताना गाडी गिअरमध्ये आणि ॲक्सिलरेटर बंद असतो. तेव्हा इनटेकमध्ये ओढ जोरदार असते आणि घासलेल्या गाइडमधून (वॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो ती) ऑइल आत खेचलं जातं. वळण संपल्यावर ॲक्सिलरेटर दिला की ढग निघतो आणि विरतो. हीसुद्धा गाइड-सीलचीच खूण आहे, आणि ती फार भरवशाची आहे.

चढावर, डबलसीट, ॲक्सिलरेटर उघडा ठेवला की धूर वाढत जातो, उताराला कमी होतो: रिंगा आणि बोअर. ज्वलनाचा दाब रिंगांना चुकवून खाली जातो आणि ऑइल वर येतं.

सगळ्या वेळी सारखाच धूर असेल तर पातळी पुन्हा बघा. ती बरोबर असेल तर रिंग तुटलेली किंवा बोअरला उभे ओरखडे असण्याची शक्यता मोठी.

ऑइल किती खाते ते मोजा

"ऑइल खाते" या तक्रारीला आकडा जोडल्याशिवाय निर्णय घेऊ नका. वरच्या खुणेपर्यंत भरा, 500 किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच खुणेपर्यंत यायला किती लागलं ते इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजा. वीस वर्षांच्या गाडीत 50 मिली गेलं तर चालवत राहा आणि दर आठवड्याला डिपस्टिक बघा. 100 मिलीच्या वर गेलं तर काम काढायची वेळ आली. एकूण ऑइलच 900 मिली, त्यात तेवढी तूट म्हणजे बदलायची वेळ येईपर्यंत हेड कोरडं पडू शकतं.

ब्रीदर आणि कॉम्प्रेशन

ब्रीदरची नळी फिल्टरच्या डब्याकडून सोडवा, तिचं टोक पारदर्शक बाटलीत सोडा आणि गरम इंजिन चालू ठेवा. सिंगल सिलिंडर असल्यामुळे फुकफुक होणारच, ती नैसर्गिक आहे. सतत धूर आणि ऑइलचे थेंब येत असतील तर दाब रिंगांवरून खाली उतरतोय. काहीच येत नसेल तर नळी दबली असेल किंवा गाळानं बंद झाली असेल. तसं असेल तर आतला दाब मिळेल त्या पॅकिंगमधून वाट काढतो. चारपाच ठिकाणांहून एकदम ऑइल यायला लागलं की पॅकिंगा बदलत बसण्याआधी ही नळी साफ करायची ती याचसाठी.

कॉम्प्रेशन गेज असेल तर गरम इंजिनाचा प्लग काढा, किल्ली बंद ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत सातआठ किका मारा. ॲक्सिलरेटर बंद ठेवून घेतलेला आकडा निरुपयोगी आहे. 100 पीएसआयच्या खाली आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व्ह. त्यात टॅपेट (वॉल्व्ह दाबणारा स्क्रू) फार घट्ट असल्यानं वॉल्व्ह उघडा राहत नाही ना, तेही बघा.

इथे एक अडचण आहे. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे घातलेलं ऑइल खालच्या बाजूलाच साचतं आणि वरची कड कोरडी राहते. मोजण्याआधी भोकावर फडकं धरून पाचसहा किका मारून ते पसरवा, आणि तरीही या इंजिनात ऑइल घालून केलेल्या चाचणीपेक्षा ब्रीदरवर आणि धुराच्या वेळेवर जास्त विश्वास ठेवा. दुसरं असं, की कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. दाब धरतात त्या वरच्या दोन रिंगा; ऑइल खरवडून खाली पाठवणारी तिसरी रिंग कार्बननं चिकटली असेल तर आकडा उत्तम येतो आणि धूर तसाच राहतो.

ब्लॉक काढावा लागलाच तर रिंग पिस्टननं ढकलून बोअरमध्ये सरळ बसवा आणि टोकांमधली फट फीलर गेजनं मोजा. वर, मध्ये, खाली अशी तीनदा. 50 मिलीमीटरच्या बोअरला 0.5 मिलीमीटरच्या पुढे फट म्हणजे झीज झालेली. तिन्ही मापांत मोठा फरक असेल तर नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे वाया. बोअर करून 0.25 किंवा 0.50 मिलीमीटर ओव्हरसाइज पिस्टनच घ्या. हेडचे नट काढण्याआधी कोणता नट आणि कोणता वॉशर कुठे होता त्याचा फोटो काढा. तिथून ऑइलची वाट जाते, तांब्याचा वॉशर चुकीच्या जागी गेला की नवं काम पहिल्याच दिवशी पाझरतं.

धुराचं काम झाल्यावर लगेच निराश होऊ नका. सायलेन्सरमध्ये आधी साचलेलं ऑइल जळायला 40-50 किलोमीटर जातात.

गळती शोधायची रीत

ऑइल दिसतं तिथून येत नाही. चालत्या गाडीत वारा ते मागे नेतो आणि वजन खाली. म्हणून मूळ नेहमी ओल्या भागाच्या सर्वांत वरच्या, सर्वांत पुढच्या टोकाला शोधायचं.

थंड इंजिन रॉकेल किंवा डिझेल आणि जुन्या ब्रशनं धुवा, फडक्यानं कोरडं करा. संशयाच्या भागावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड उडवा. दहाबारा किलोमीटर चालवून आणा आणि बॅटरीच्या उजेडात बघा, पावडर पहिल्यांदा कुठे भिजली ते. मग रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि पुढच्या चाकाची दिशा त्यावर लिहा, म्हणजे सकाळी ठिपका कोणत्या जागेचा ते कळतं.

वरून खाली उतरत जा. टॅपेट कॅपच्या ओ-रिंगा कडक होतात. बदला, पण कॅप जोर लावून आवळू नका, आटे ॲल्युमिनियमचे आहेत. हेडच्या डाव्या बाजूचं गोल कव्हर. ब्लॉकच्या बुडाचं पॅकिंग. उजवीकडे किकच्या शाफ्टचं सील. डावीकडे गिअरच्या दांड्याचं सील आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील. शेवटच्या या जागी चेनला लावलेलं ऑइल उडून साचतं आणि सील गेल्यासारखं दिसतं, म्हणून तिथे पावडरची चाचणी केल्याशिवाय सील फोडू नका. ड्रेन बोल्टचा वॉशर दर दोनतीन ऑइलबदलांना नवा घाला. बोल्ट पाझरतो म्हणून आवळत गेलं की आटे जातात आणि काम चेंबरपर्यंत (इंजिनाच्या खालच्या केसपर्यंत) पोचतं.

सील विकत घेताना जुन्यावरचं माप वाचून घ्या. बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. ओठाला ग्रीस लावा, शाफ्टच्या दातांवर प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळा आणि बरोबर मापाच्या सॉकेटनं सगळीकडून सारखं दाबा. शाफ्टवर नखाला लागणारी खाच असेल तर नवं सीलही टिकणार नाही.

पॅकिंगवर सिलिकॉन थापायची सवय मोडा. बाहेर जितकं ओघळतं तितकंच आतही येतं, तुटतं, ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतं आणि हेडला ऑइल पोचायचं थांबतं. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा, दोन्ही तोंडं पेट्रोलनं पुसा, कागदी पॅकिंग कोरडंच लावा, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळा.

आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोक गाड्या

इथे हलका धूर असणारच. जास्त झाला तर आधी हे विचारा, की ऑइल पंप चालू असताना टाकीतही 2टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) घातलं जातंय का. घातलं जात असेल तर उत्तर मिळालं. नंतर पंपाच्या केबलच्या खुणा जुळवा. मग गिअरबॉक्सचं ऑइल मोजा. बाहेर थेंब नाही, पातळी मात्र उतरतेय आणि पांढरट दाट धूर थांबत नाही, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितंय.

मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं तर धूर वाढतच नाही, आणि म्हणून ते जास्त धोक्याचं. तिथून हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम उतरायला वेळ लागतो आणि पिस्टन तापून जाम होऊ शकतो. मॅग्नेट पुलरनं काढा, हातोडीनं नाही, आणि मागची प्लेट बघा. तिथे तेलकट मळ असेल तर सील बदलेपर्यंत गाडी उभी ठेवा.