ब्रिटनमधील बागेत राखाडी खारींसोबत राहताना

राखाडी खार ब्रिटनची मूळ रहिवासी नाही. 19व्या शतकात ती उत्तर अमेरिकेतून येथे आणली गेली आणि पुढे तांबड्या खारीच्या ऱ्हासाला मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. तिला बागेतून कायमचे हुसकावणे जवळजवळ अशक्य आहे, कारण एक गेली की तिची जागा दुसरी घेते. म्हणून सगळे लक्ष नुकसान टाळण्यावर द्यावे.

सर्वाधिक जपावे लागते ते कंदांना. शरद ऋतूत ट्युलिप किंवा क्रोकस लावले की भुसभुशीत माती खारीच्या नजरेत भरते. ती पुढच्या पायांनी कंद उकरते, दोन्ही पंजांत धरून साल सोलते आणि तिथेच बसून खाते. लागवडीनंतर माती घट्ट दाबावी, सुटलेल्या साली उचलाव्यात आणि वर तारेची जाळी अंथरून तिच्या कडा जमिनीत पुराव्यात, कोंब जाळीतून सहज वर येतात. डॅफोडिलचे कंद विषारी असल्याने खार सहसा त्यांना तोंड लावत नाही.

पक्ष्यांचे दाणापात्र गुळगुळीत धातूच्या खांबावर, फांद्या व कुंपणापासून किमान 3 मीटर दूर ठेवावे आणि खांबाला शंकूसारखा अडसर बसवावा. दाण्यांत मिरचीपूड मिसळल्यास खार दूर राहते, पक्ष्यांना मात्र तिखटपणा जाणवत नाही.

पिंजरा लावण्यापूर्वी कायदा नीट समजून घ्यावा: पकडलेली राखाडी खार पुन्हा मोकळी सोडणे, अगदी दूरच्या जंगलातही, बेकायदा आहे.