नेमका ‘एच-४’ बल्ब कसा मागवावा

कापूस भरून रात्री पांढरकवड्याच्या जिनिंगकडे निघालेल्या पिकअपचा पुढचा दिवा गेला की अनेकजण मोबाइलवर नुसते ‘एच-४’ शोधतात आणि १७५९ मध्ये पूर्ण झालेले जॉन हॅरिसन यांचे सागरी घड्याळ, १९४७ मध्ये एकदाच उडालेले हॉवर्ड ह्यूज यांचे अवाढव्य लाकडी विमान किंवा अमेरिकेचा व्हिसा, असे त्याच नावाचे भलतेच काही समोर येते. म्हणून संकेतासोबत ‘हेडलाइट बल्ब’, वाहनाचे मॉडेल आणि व्होल्टेज लिहावे.

तरीही खात्री जुना बल्ब पाहूनच करावी. एच-४ च्या बुडाशी तीन पट्ट्या असतात आणि काचेत दोन तारा, एक अप्परची व एक डिप्परची. एच-७ मध्ये मात्र एकच तार आणि दोन पट्ट्या असतात. बुडावरील कोरीव अक्षरे धूळ पुसून वाचावीत: १२ व्होल्टच्या बल्बवर साधारणपणे ६०/५५ वॅट, तर ट्रकच्या २४ व्होल्टच्या बल्बवर ७५/७० वॅट लिहिलेले असते. हे दोन्ही एकाच होल्डरमध्ये बसतात, पण १२ व्होल्टचा बल्ब २४ व्होल्टवर लगेच जळतो.

बसवताना काचेला बोट लावू नये. लागलेच, तर ती स्पिरिटने पुसावी.