रात्री गळ टाकायला नर्मदेवर जाताय? आधी पकड बघा

पकड. लांब चोचीची, हार्डवेअरच्या दुकानात नोज प्लायर म्हणून मागाल ती. इंदूरच्या सियागंजात कुठेही मिळते, फार महाग नाही, गंजणार नाही अशी घ्या. बाकी यादी नंतर. हे सगळं पढिन, सिंघाड, टेंगरा अशा मिशीवाल्या, रात्री खाणाऱ्या माशांसाठी आहे. रॉड विसरलात तर काठावर कुणाकडून बांबू मिळेल, चारा विसरलात तर ओल्या मातीत गांडुळं आहेत, पण रात्री अकरा वाजता बडवाहच्या खाली एखाद्या दगडावर बसलेले असताना पकड कोण देणार आहे तुम्हाला.

मागच्या खेपेला माझ्याकडे सगळं होतं, दोन रॉड, तीन प्रकारचा चारा, थर्मास, डासांचं क्रीम, अगदी पाठ टेकायची खुर्चीसुद्धा, आणि पकड घरी इन्व्हर्टरवर पडलेली. सिंघाड लागला, हुक पार घशात, बोटांनी काढायला गेलो तर त्यानं अंग झटकलं आणि कल्ल्यामागचा काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला. तो काटा दातेरी असतो, सरळ निघत नाही. शेवटी तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, कापून मासा तसाच सोडला, तो जगला असेल असं वाटत नाही, आणि माझ्या हाताला पुढे कितीतरी दिवस डबा उघडता येईना. म्हणून हे लिहितोय. आणि पकड बॅगेत नको, बॅग मागे राहते. दोरी ओवून गळ्यात किंवा पट्ट्याला अडकवा.

आता तारीख. 16 जून ते 15 ऑगस्ट मध्यप्रदेशात नद्यांमध्ये मासे धरायला बंदी असते, मासे अंडी घालतात म्हणून. पहिल्या गढूळ पाण्याबरोबर पढिन काठाच्या उथळ पाण्यात चढतो आणि नेमका तेव्हाच कोणीतरी फोन करून म्हणेल चल भिया, आत्ता तर हातानं धरता येतो. नाही जायचं. आपले दिवस म्हणजे होळीच्या आसपासपासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि मग पाणी निवळल्यावर दसरा-दिवाळीकडे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे मासे सुस्त असतात, कमी खातात, तुम्हीच कुडकुडत परत याल.

कुठे जायचं यावर लोक फार डोकं खातात. इंदूरच्या कान्ह नदीचं नावही काढू नका, त्यातला मासा खाणार आहात का. यशवंतसागर तलावावर रॉड घेऊन जाऊ नका, शहराचं पाणी तिथून येतं आणि 2022 पासून ते रामसर स्थळ, म्हणजे जागतिक करारात राखलेली पाणथळ जागा आहे. चंबळ आपल्याच जानापावला उगम पावते, पण इकडच्या भागात उन्हाळ्यात तिच्यात उरतंय काय, आणि खाली ग्वाल्हेरकडे ती घडियालांचं अभयारण्य आहे, तिथे गळ टाकणं म्हणजे सरळ गुन्हा. डॅम आणि तलाव ठेक्यावर दिलेले असतात, विचारल्याशिवाय बसलात तर ठेकेदाराची माणसं रॉड उचलून नेतील आणि बरोबरच करतील. तेव्हा आपल्यासाठी नर्मदा, बडवाह-मोरटक्क्यापासून खाली मंडलेश्वर-महेश्वरपर्यंतचा पट्टा. तिथेही आधी गावात विचारायचं, मासे धरायचे हक्क मच्छीमारांच्या सोसायटीचे असू शकतात. आणि जलूदला, जिथून इंदूरच्या नळांना 1978 पासून नर्मदा येते, त्या पंपांच्या आसपास फिरकू नका.

घाटावर नाही. ओंकारेश्वर, खेडीघाट, महेश्वरचा घाट, इथे लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, तिथे तुम्ही गळ टाकून बसलात तर मार खाल, आणि मी सोडवायला येणार नाही. घाट नजरेआड होईपर्यंत चालत जा. बाटलीही नको, एप्रिल 2025 पासून ओंकारेश्वर, मंडलेश्वर, महेश्वर इथे दारूबंदी आहे, आणि नसती तरी रात्री ओल्या दगडावर बाटली हे कुठलं शहाणपण. अजून एक, काठाकाठाची पायवाट परिक्रमावाल्यांची असते, कित्येक जण अनवाणी चालतात. तुटलेला हुक, तंगुसाचे गुंते वाटेत टाकलेत तर पहाटे ते कुणाच्या तरी पायात जाणार. भेटले तर नर्मदे हर म्हणा आणि रॉड बाजूला घ्या.

आता जागा कशी ओळखायची, हे मात्र नीट वाचा. उजेड असताना पोचा, चार वाजेपर्यंत तरी. आधी रॉड उघडू नका, नुसतं बघा. नदी जिथे वळते तिथे बाहेरच्या बाजूला धार आपटते आणि तळ खोल कोरला जातो, तो डोह. वर खळखळ संपून पाणी जिथे काळं आणि शांत होतं ती कड. मोठ्या खडकाच्या पाठीमागे जिथे फेस आणि पाचोळा गोल गोल फिरत राहतो ती जागा. पुलाच्या खांबांच्या मुळाशी पाणी खड्डा पाडतं, तिथे. काठ आतून पोखरलेला, झाडाची मुळं पाण्यात लोंबतायत, तिथे पढिन दिवसभर पडून असतो. आणि संगम, बडवाहजवळ चोरल येऊन मिळते तसा, किंवा महेश्वरला महेश्वरी मिळते तसा, पण घाटापासून लांब. लहान नदी पाऊस पडल्यावर किडे, बेडूक, लहान मासे वाहून आणते आणि मोठे तोंडाशी थांबलेले असतात. महेश्वरच्या खाली सहस्रधारेला खडकांत नदी शेकडो धारांत फुटते, तिथे फोटो काढा. गळ टाकायचाय तर खडक संपल्यावर खालच्या डोहावर जा, वर टाकाल तर दोऱ्याला वजन म्हणून लावलेलं सगळं शिसं कपारीत अडकून संपेल.

खोली मोजायची असेल तर हुकाशिवाय नुसतं शिसं टाका, तळाला टेकेपर्यंत आकडे मोजा, मग दोन हात इकडे, दोन हात तिकडे पुन्हा टाका. आकडा जिथे एकदम वाढतो ती उतरंड, चारा तिच्या वरच्या कडेला पडला पाहिजे. नवे लोक इथेच चुकतात, सगळं बळ लावून नदीच्या मध्यात फेकतात कारण लांब फेकलं की भारी वाटतं. हे मासे दिवसा डोहात पडून राहतात आणि अंधार पडला की खायला उथळाकडे, काठाकडे येतात. मिशांनी चव आणि वास घेत तळ चाचपत चालतात, त्यांना उजेड नकोच असतो. म्हणजे तुम्ही पन्नास मीटर लांब फेकून बसलात तर मासा तुमच्या पायाशी जेवून जाणार. एक रॉड उतरंडीला, दुसरा काठापासून दहा-पंधरा मीटरवर, आणि काठावर धपधप चालायचं नाही, मोबाईलवर गाणी नाहीत, टॉर्च पाण्यावर मारायचा नाही.

पाणी. हे पकडीएवढंच महत्त्वाचं. वर ओंकारेश्वरचं धरण आहे, त्याच्या वर इंदिरासागर. वीज बनवायला टर्बाईन सुरू झाले की खाली पाणी चढतं, आभाळात ढगाचा तुकडा नसताना चढतं. एप्रिल 2005 मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला अमावस्येच्या स्नानाला जमलेले लोक इंदिरासागरच्या सोडलेल्या पाण्यात वाहून गेले, साठाच्या वर माणसं गेली. तेव्हा पाण्यानं वेढलेल्या खडकावर जाऊन बसायचं नाही, कितीही छान डोह समोर असला तरी. पोचल्याबरोबर पाण्याच्या रेषेवर एक दगड ठेवा आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं बघा. दगड बुडाला की रॉड गुंडाळा, मासा लागलेला असला तरी. पाणी किती वाजता चढतं ते नाववाल्यांना विचारा, त्यांना रोजचं माहीत असतं. सायरन वाजला तर विचारत बसू नका.

चारा. कणीक आणून उपयोग नाही, त्यानं रोहू-कतला येतील, त्यांची पद्धतच वेगळी. गांडुळांचा जाड घोस सिंघाड आणि टेंगऱ्याला चालतो. कोंबडीची कलेजी वासाला उत्तम पण फेकताना हुकावरून उडते, तिला शिवणाच्या दोऱ्यानं चार वेढे मारून बांधा. पढिनला मात्र मासाच हवा, लहान चिलवा अख्खा किंवा मोठ्याचा तुकडा, आणि ताजा. लोक सडका चारा सांगतात, मला कधी त्यावर पढिन मिळाला नाही. कोणी जिवंत थाई मांगूर देऊ करेल तर घेऊ नका, त्याच्या पालनावर 2000 पासून देशात बंदी आहे आणि हुकावरून सुटून नदीत गेला तर बाकीचं सगळं खाऊन टाकेल. चारा बर्फाच्या डब्यात न्या. घरच्या फ्रीजमध्ये कलेजी ठेवायची असेल तर आईला आधी सांगा, मी सांगितलं नव्हतं, तो विषय वेगळा.

सामान साधं. आठ-नऊ फुटी दणकट रॉड, 0.40 ते 0.45 मिलिमीटरचा तंगूस, शिसं दोऱ्यावर मोकळं सरकणारं, मग स्विवेल, म्हणजे फिरती कडी, मग हातभर जाड तंगूस आणि हुक. जाड तंगूस का, तर पढिनच्या जबड्यात बारीक दातांचे पट्टे असतात, कानसच असते ती, बारीक दोरा घासून घासून तोडते. खडकाळ तळ असेल तर शिसं वाया घालवू नका, काठावरचा लांबट दगड घ्या, कच्च्या सुती दोऱ्यानं बांधा, अडकला तर दोरा तुटेल, दगड जाईल, मासा तुमच्याकडे येईल. हुक गोल वळलेला घ्या, सर्कल म्हणून मिळतो, तो बहुतेक वेळा घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात लागतो. माझा साधा जे आकाराचा होता, घशात गेला, पुढचं वर लिहिलंय. सर्कल असला तरी पकड लागतेच, कोपऱ्यातला हुकसुद्धा बोटांनी निघत नाही. घेतली का?

रॉडच्या टोकाला घुंगरू बांधा. किणकिण झाली की झटका द्यायचा नाही, पढिन चारा तोंडात धरून आधी चालू लागतो, दोरा जाऊ द्या, ताण बसला की सर्कल हुक आपला आपण लागतो, तुम्ही नुसतं रीळ फिरवायचं. रीळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटू देणारा ब्रेक, सैल ठेवा, नाहीतर अख्खा रॉड पाण्यात.

मासा बाहेर आला की घाई नको. आधी डोक्यावरचा टॉर्च मारून कोण आहे ते बघा. पढिन असेल तर काट्याची भीती कमी, तोंडात बोट घालायचं नाही. सिंघाड, टेंगरा असेल तर पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे तीन काटे, ताठ उभे. ओल्या गोणपाटानं डोक्यामागून दाबायचं, काटे बोटांच्या मध्ये येतील असं, आणि मग पकड. हुकाचं वाकण पकडीत धरायचं, उलटं फिरवायचं, निघतो. पकड नसेल तर वरचा माझ्या अंगठ्याचा परिच्छेद पुन्हा वाचा, नाहीतर घरी बसा. सिंघी नावाचा काळपट बारका मासा डबक्यात, गाळात मिळतो, लहान म्हणून हातात घेऊ नका, त्याच्या काट्यात विष असतं आणि ठणका जीव काढतो. असलं काही टोचलं तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, निदान अर्धा तास, वेदना उतरते. थर्मासमधलं पाणी चहात संपवू नका एवढ्यासाठीच सांगतोय, पण आधी गार पाणी मिसळून दुसऱ्या हातानं बघा, भाजून घेऊ नका. काटा आत तुटला असेल तर कोरू नका, दवाखाना.

लहान मासे सोडा. पढिन आता जगाच्या यादीत धोक्यातल्या जातींमध्ये आहे, हातभरसुद्धा नाही असा घरी नेऊन काय करणार. बाडस म्हणजे महाशीर चुकून लागला तर तो आपला राज्यमासा, लगेच पाण्यात. आणि जिवंत सोडायचा म्हणजे हुक नीट आणि पटकन निघाला पाहिजे, म्हणजे परत पकड. दोन घ्या हवं तर. एक गाडीत.

गाडीवरून आठवलं, महू-ओंकारेश्वरची छोटी लाईन 2023 मध्ये बंद झाली, तेव्हा रस्त्यानंच जायचंय, तेजाजीनगर, सिमरोल, भेरूघाट. भेरूघाटात ट्रक बंद पडला तर तुमचे चारचे सात वाजतात, म्हणून इंदूरच्या रामबागेतून निघायचं तर जेवून बाराला निघा. एकटे जाऊ नका. घरी जागा सांगून जा, नुसतं नर्मदेवर म्हणून नको.

बाकी बूट, पाणी, पॉवरबँक, एक जास्तीची टॉर्च, कचऱ्याची पिशवी. साप असतात, काठी आपटत चाला. पहाटे झोप आली तर गाडी चालवू नका, सिमरोलला चहा घ्या. मासा काठावरच साफ करून घाण तिथे टाकू नका. या माशांना खवलं नसतं, चिकट असतात, घरी राख किंवा जाड मीठ चोळून दोन पाण्यांनी धुवा. काटे आधी त्याच पकडीनं मोडून काढा, मग बायकोच्या हातात द्या. टिटॅनसचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर निघायच्या आधी घेऊन टाका, बडवाहला रात्री शोधत फिरावं लागत नाही.